पहिलं पाणी

मंदाला जाऊन चार महिने झाले होते. डिसेंबरात एका दुपारी नगरपरिषदेतून केतकी रणखांबे नावाची मुलगी घरी आली. बूट दारात काढून आत आली, आधी मंदाच्या फोटोला हात जोडले, मग टॅबलेट मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, "काका, तुमची संमती हवी आहे. काकूंचा चेहरा आम्हाला सरकारी संदेशांसाठी वापरायचा आहे."

विचार करायला पंधरा दिवस आहेत, असंही तिनं सांगितलं. मी पंधरा मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. पुढे लोक म्हणाले, नानांनी गावासाठी मोठं मन केलं. तसं काही नव्हतं. मला मंदाला बोलताना बघायचं होतं. ऑगस्टात ती सकाळी लसीकरणाची यादी घेऊन निघाली, कोपऱ्यावर चक्कर येऊन बसली आणि डोक्यातली शीर फुटून अर्ध्या तासात संपली. निघताना ती मला काय म्हणाली ते मला आठवत नाही. मी पेपर वाचत होतो.

मी रंगनाथ कोष्टी. या गावात एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन होतो. आमचा भाग कोरडा, नळाला पाणी चार दिवसांतून एकदा. ज्या भागाचा वार असेल तिथं लांब लोखंडी चावी घेऊन जायचं आणि रस्त्यातला व्हॉल्व्ह उघडायचा, हे माझं काम. मंदा आशा सेविका. सात नंबर वॉर्डातल्या सातशे चाळीस घरांत गरोदर कोण, ताप कुणाला, कुणाच्या लेकराचा डोस राहिलाय, हे तिच्या डोक्यात असायचं. मला लोक पाण्याची वेळ विचारायला ओळखायचे. तिला ओळखायचे ते वेगळं.

केतकीनं मला सगळं नीट समजावून सांगितलं होतं, त्यामुळे फसवलं असं मी म्हणू शकत नाही. सरकारी खाती फोनवर चित्रं टाकतात हे जुनंच. डेंग्यूच्या डासाला व्हिलनचे कपडे, घरपट्टी भरा म्हणणारं मांजर, हेल्मेट घातलेला यम. लोक हसायचे, एकमेकांना पाठवायचे आणि हेल्मेट खुंटीला ठेवून गाडीवर बसायचे. मग कुणीतरी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. चित्रं सरकवताना अंगठा कुठं किती थांबतो हे फोनला कळतं. आणि चित्र पाहिल्यावर त्या घरानं खरोखर काही केलं का, हे पाण्याच्या मीटरवरून, दवाखान्याच्या नोंदींवरून कळतं. तेव्हा दिसलं की अंगठा थांबला म्हणजे माणसानं ऐकलं असं नाही. नटाच्या चेहऱ्यावर अंगठा थांबतो, पण त्याचं ऐकून कुणी टाकी धूत नाही. माणूस ऐकतो ते कधीतरी आपल्या घरी येऊन आपलं काही करून गेलेल्या माणसाचं.

यावरून 'आपुलकी' नावाची यंत्रणा तयार झाली. लोकांनी स्वतःच टाकलेल्या फोटोंतून ती प्रत्येक वॉर्डाचा असा चेहरा शोधते. आमच्या वॉर्डात पाचशे ब्याण्णव घरांच्या फोटोंत कुठं ना कुठं मंदा होती. बारशाला मागं उभी. डोस पाजताना नुसता हात आणि बांगड्या. कुणाच्या लग्नात पंगतीला वाढताना. एवढ्यावरून यंत्र तिला उभी करणार, बोलती करणार, आणि ज्या घराचा फोन असेल त्या घराच्याच दारात दाखवणार. केतकी त्या चित्राला 'क्रिएटिव्ह' म्हणायची.

पहिलं चित्र जानेवारीत आलं. माझ्या फोनवर मंदा आमच्याच उंबऱ्यात उभी होती. मोरपंखी साडी, खांद्याला पिशवी. म्हणाली, "अहो, उद्या साडेसहाला पाणी येतंय. टाकी धुऊन घ्या."

मी ते किती वेळा पाहिलं ते सांगत नाही.

'अहो' तिनं कुठून आणलं असं मी केतकीला विचारलं. तुमच्या मुलीनं टाकलेल्या व्हिडिओंतून, ती म्हणाली. यंत्राला माहीत होतं की या घरात ती 'अहो' म्हणते आणि लोहारांच्या घरात 'अक्काताई'. त्याला एकच गोष्ट माहीत नव्हती. पाण्याची वेळ आमच्या घरात तीस वर्षं मी तिला सांगत होतो.

महिन्याभरात वॉर्ड बदलला. डास होऊ नयेत म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस लोक पाळायला लागले, पिंपं पालथी घातली जायला लागली. डोसाला रांग लागली. जिल्ह्याहून माणसं बघायला आली. शंभरातल्या ब्याण्णव घरांनी ऐकलं असं सांगायला केतकी मुद्दाम घरी आली. पोरगी मनापासून काम करायची.

माझं मात्र घरात लक्ष लागेना. बाहेर पडलो तर त्याहून वाईट. न्हावी म्हणायचा, वहिनींनी आज पिंप घासायला सांगितलंय. दळणाच्या गिरणीत बायका म्हणायच्या, मंदाताई काल थकल्यासारखी दिसली का हो. एकीनं तर मला हटकलं की तिनं सांगून आठ दिवस झाले, तुमच्या गच्चीवरचे टायर अजून तसेच. मी हसलो आणि घरी येऊन टायर उतरवले. रात्रीचा डोळा लागायचा नाही, म्हणून पहाटेच उठून फोन हातात घ्यायचा, तर तिचा निरोप सातच्या आत यायचा नाही. तोवर मी या खोलीतून त्या खोलीत.

माझी मुलगी ऋतुजा नाशिकला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिनं आपल्या फोनचा पत्ता बदलून आमचा वॉर्ड टाकला होता. तिच्या फ्लॅटला चोवीस तास पाणी. तरी मंदानं सांगितलं की ती एक बादली भरून ठेवायची. मी म्हटलं, येडी का काय तू. ती म्हणाली, "असू दे अप्पा. आई सांगते तर भरायला काय जातंय?"

फेब्रुवारीत पाणी आणखी आटलं. केतकी विचारायला आली की पाणी वाचवायचं असेल तर लोकांना नेमकं काय सांगावं. पाण्यातलं तुम्हाला जेवढं कळतं तेवढं ऑफिसात कुणाला कळत नाही, असं ती म्हणाली. मला ते गोड वाटलं.

आमच्या गावाची एक रीत आहे. नळ आला की पहिलं पाणी धरत नाहीत. दोन-तीन बादल्या अंगणात, गटारात, झाडाला जाऊ देतात, मग हंडा लावतात. चार दिवस कोरड्या पडलेल्या पाइपातून पहिलं पाणी गढूळ येतं म्हणून. मी व्हॉल्व्ह उघडायचो आणि गल्लीभर ते पाणी वाहून जाताना बघायचो. माझा जीव तुटायचा. मंदा उलट घरोघरी सांगत फिरायची, पहिलं पाणी जाऊ द्या. यावरून आम्ही पंचवीस वर्षं भांडलो. मी म्हणायचो, तू माझं पाणी गटारात घालतेस. ती म्हणायची, तुम्हाला पाइप दिसतो, मला पोटं दिसतात.

मी केतकीला सांगितलं, पहिलं पाणी फेकू नका असं सांगा.

चौथ्या दिवशी सगळ्या वॉर्डाच्या फोनवर मंदा नळाखाली हंडा धरून उभी होती. "पहिल्या थेंबापासून धरा. एक थेंब वाया जाऊ देऊ नका." त्या दिवशी गल्लीत गटार कोरडं राहिलं. एकतीस वर्षांत मी ते कधी बघितलं नव्हतं. मी फार खूश झालो. घरी येऊन फोटोपुढं उभा राहून म्हटलं की बघ, शेवटी माझंच म्हणणं खरं केलंस.

एप्रिलच्या सुरुवातीला खालच्या आळीत दोघांना कावीळ झाली. मग सहा जणांना. आठवड्यात एकोणीस.

माझ्या जागेवर इलाही शिकलगार आला आहे. त्याला मीच शिकवलं. आता व्हॉल्व्ह मोटरवर चालतात, ठरल्या वेळी आपोआप उघडतात, त्यामुळे इलाहीचं काम नुसतं बघायचं. त्याची धाकटी बहीण नसीम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, खालच्या आळीच्या शेवटच्या घरात. सातवा महिना. एका दुपारी इलाही माझ्याकडे आला तो दारातच उभा राहिला. नसीमचे डोळे पिवळे झाले होते, उलट्या थांबत नव्हत्या, जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवून तो तसाच परत आला होता.

"नाना," तो म्हणाला, "पाण्याची वेळ झाली की प्रेशरचा काटा शून्यावर पडतोय. मीटर बिघडलंय म्हणून मी दोनदा लिहून दिलं. मीटर ठीक आहे म्हणतात. तुम्ही एकदा येऊन बघा."

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीचा वार होता. सकाळी सव्वासहाला आम्ही इलाहीच्या घरी नळापाशी जाऊन बसलो. साडेसहाला व्हॉल्व्ह उघडल्याचं इलाहीच्या फोनवर दिसलं. त्याच मिनिटाला आळीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या. नळाला मोटर लावणं बेकायदा, पण कुणाकडे नाही? पूर्वी कुणी सहाला उठायचं, कुणी सातला, कुणाला वेळ कळायचीच नाही. कुणाचं भरून व्हायचं तेव्हा कुणाचं सुरू व्हायचं. आता मंदा आदल्या दिवशी वेळ सांगायची आणि ब्याण्णव टक्के घरं साडेसहाला बटणावर बोट ठेवून तयार असायची.

इलाहीच्या नळाला पाणी नव्हतं. सू-सू असा आवाज येत होता. मी तळहात लावून पाहिला. नळानं तो ओढून घेतला. सोडवायला मला जोर लावावा लागला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाइपात पाण्याचा दाब असतो तोवर पाइपाला भोक असलं तरी पाणी बाहेर येतं, बाहेरचं आत जात नाही. पण जेवढं पाणी येतं त्याहून जास्त मोटरी ओढायला लागल्या की पाइप उलटं वागतो. शहाळ्याची नळी चिरलेली असली की ओढताना चिरेतून हवा तोंडात येते, तसंच. आमच्या खालच्या आळीचा पाइप गटाराला लागून जातो, आणि त्याला कुठं कुठं भोकं आहेत ते मला घरातल्या भांड्यांसारखं पाठ आहे. त्या भोकांतून गटार आत येत होतं. पाच-सात मिनिटं. मग टाकीचं पाणी पुरून उरायचं, दाब चढायचा, आणि त्या पाच मिनिटांत आत आलेलं सगळं पहिल्या पाण्याबरोबर नळांतून बाहेर पडायचं.

ते पहिलं पाणी लोक आता प्यायच्या हंड्यात धरत होते.

इलाही माझ्याकडे बघत होता. त्यालाही कळलं होतं. पहिल्या पाण्याचं मीच सुचवलं हे त्याला माहीत होतं, मीच त्याला कौतुकानं सांगितलं होतं. तो उठून नळाची तोटी बंद करायला लागला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तसाच नगरपरिषदेत गेलो. केतकीनं अर्धं ऐकूनच पाण्याचे अहवाल पडद्यावर काढले. सगळे चांगले. क्लोरीन बरोबर. नमुना कुठून घेता असं मी विचारलं, तर टाकीजवळच्या नळातून, सकाळी नऊला. टाकीजवळ आणि नऊला पाणी चांगलंच असणार. मी तिला नळानं तळहात ओढल्याचं सांगितलं तेव्हा मात्र ती खुर्चीवरून उठली.

ती हुशार आहे, उपाय तिला लगेच सुचले. गल्लीगल्लीची वेळ वेगळी करायची. पहिलं पाणी सोडायला सांगायचं. उकळून प्यायला सांगायचं. तिनं माझ्यासमोर तिन्ही मजकूर लिहून वर पाठवले. मजकूर मंजूर करतं ते विभागाचं संवाद केंद्र. अर्ध्या तासात उत्तर आलं. आजाराचा उल्लेख असलेला मजकूर पुण्याच्या प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल आल्याशिवाय जाणार नाही. अहवालाला चार दिवस. वेळा बदलायच्या तर व्हॉल्व्हचं वेळापत्रक बदलावं लागेल, त्यालाही तेवढेच. आणि उद्या सकाळी साडेसहाला वरच्या आळीला पाणी होतं. तीनशे दहा घरं, आणि तिथलाही पाइप गटाराच्याच कडेनं जातो.

"मी त्यांच्याशी भांडते, काका," केतकी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत काहीतरी करते."

संध्याकाळपर्यंत यंत्रानंच केलं. लोक कावीळ, कावीळ असं फोनवर शोधायला लागले होते, बाटलीचं पाणी मागवायला लागले होते. लोकांची भीती वाढली की 'आपुलकी' आपणहून धीराचं चित्र काढते, आणि त्याला मंजुरी लागत नाही, कारण हाताशी असलेला शेवटचा अहवाल चांगला असतो. चार वाजता मंदा माझ्या दारात पेला घेऊन उभी राहिली. हसली. "अहो, आपलं पाणी तपासलेलं आहे. निर्धास्त प्या." आणि पेला तोंडाला लावला.

मी तिच्याबरोबर एकतीस वर्षं काढली. तिनं न तपासता कुणाला निर्धास्त हा शब्द म्हटलेला मी ऐकला नाही.

इलाही आणि मी वरच्या आळीत दारोदार जायला निघालो. पहिल्या घरी म्हातारबांनी फोन पुढं धरला की मंदाताईंनी आत्ताच सांगितलंय, तुम्ही कशाला घाबरवता. दुसऱ्या घरी तेच. तिसरं घर अक्काताई लोहारांचं. त्यांनी आम्हाला चहाला बसवलं आणि समजुतीनं सांगितलं की नाना, बाई गेल्यापासून तुमचं चित्त थाऱ्यावर नाही, ते आम्हाला कळतं. चहा उकळलेला, पण त्याच पाण्याचा होता. इलाहीनं घेतला नाही. मी घेतला, नाही म्हणता आलं नाही.

बाहेर आल्यावर इलाही म्हणाला, "नाना, ती सांगत असताना तुमचं कोण ऐकणार? माझं तर सोडाच. नसीमनंसुद्धा ऐकलं नसतं."

एक उपाय होता आणि तो फक्त माझ्या हातात होता. संमतीच्या कागदावर होतं की वारसाला संमती कधीही मागे घेता येईल. मागे घेतली की तासाभरात तो चेहरा सगळीकडून निघतो, त्याच्यासाठी रांगेत असलेले निरोप रद्द होतात, आणि यंत्रानं त्या माणसाचं जे जे तयार केलं ते पुसलं जातं. पुन्हा तयार करता येत नाही. कायदाच तसा आहे. उद्याच्या साडेसहाचा निरोप संध्याकाळी जायचा होता, तोही रद्द झाला असता. लोकांना वेळ कळली नसती तर मोटरी एकदम लागल्या नसत्या.

मी देवळाच्या कट्ट्यावर बसून ऋतुजाला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. मग तिनं खूप प्रश्न विचारले. केतकी काही करू शकत नाही का, चार दिवस लोकांनी बाटलीचं पाणी प्यायलं तर नाही का चालणार, दुसऱ्या कुणाचा चेहरा. मी एकेकाचं उत्तर देत गेलो. शेवटी म्हणाली, "अप्पा, मला ती आत्ता कुठं परत मिळालीय. तुम्ही निदान रोज घरात तिच्या वस्तूंत राहता. माझ्याकडे काय आहे?"

मी म्हटलं, नसीमला दवाखान्यात नेलंय.

"कावीळच? कितवा महिना?"

"सातवा."

ती लॅबमध्ये काम करते. गरोदर बाईला या पाण्याची कावीळ झाली तर काय होतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

"आणखी कुणी गरोदर आहे का वरच्या आळीत?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. मंदाला माहीत असतं, घरानिशी, महिन्यानिशी. मी तेच म्हटलं.

"मला दहा मिनिटं द्या," ऋतुजा म्हणाली. तुला वाटलं तर रेकॉर्ड करून ठेव, असं मी सांगितलं. ती नको म्हणाली. पेला तोंडाला लावणारी आई तिला ठेवायची नव्हती. फक्त जानेवारीतली एकदा बघते, म्हणाली.

मी दहा मिनिटं थांबलो. मीही बघितली असती, पण फोन ऋतुजाच्या निरोपाची वाट बघत हातात धरला होता. 'झालं' एवढंच आलं. मग मी संमतीचं पान उघडलं. यंत्रानं मला तीनदा विचारलं, खात्री आहे का. तिसऱ्यांदा खाली लिहिलं होतं की आपल्या निर्णयानं पाचशे ब्याण्णव कुटुंबांच्या संवादावर परिणाम होईल. मी अंगठा टेकवला.

साडेपाचला ती गेली. माझ्या फोनवर उंबऱ्याच्या जागी नगरपरिषदेचं बोधचिन्ह आलं. केतकीचा फोन आला. ती रागावली असेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "काका, मला वाटलं होतं तुम्ही करणार नाही." मग म्हणाली, ऑफिस सुटलंय, मी येते, कोणती गल्ली घेऊ.

आम्ही तिघं तीन गल्ल्यांत शिरलो. पण मी कडी वाजवायच्या आधीच लोक बाहेर आले होते. हातात फोन. मंदाताई दिसेनाशा झाल्या म्हणून एकमेकांना विचारत होते. कुणी म्हणालं रेंज नाही, कुणी म्हणालं हॅक झालं. मी मध्ये उभा राहिलो आणि मीच काढली असं सांगितलं.

मग अक्काताई लोहार पायरीवरून खाली उतरल्या. मघाशी मला चहा देताना त्यांचा आवाज मऊ होता, आता नव्हता.

"तुमची एकट्याची होती का ती?" त्या म्हणाल्या. "माझी दोन्ही बाळंतपणं तिच्या हातची. हे गेले तेव्हा रात्रभर माझ्यापाशी बसली. सकाळी उठून तिचं तोंड बघितलं की दिवस जायचा माझा. कुणाला विचारून काढलीत?"

"कुणाला विचारून आणली होती?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "अक्काताई, मंदा गेली. ऑगस्टात. तुम्ही आला होता, तिसऱ्या दिवशी भाकरी घेऊन. जी सांगत होती ती मंदा नव्हती. पहिलं पाणी धरा हे मंदानं जन्मात कुणाला सांगितलं नाही. ती उलट सांगायची, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे ती काय सांगायची. ते माझं बोलणं होतं. तिच्याशी भांडून जे मला जमलं नाही ते ती गेल्यावर मी तिच्या तोंडून वदवलं. त्या पाण्यात गटार येतंय. मी आज हातानं बघितलं. एकोणीस माणसं आजारी आहेत, इलाहीची बहीण मरणाच्या दारात आहे. ते माझ्यामुळे. मंदामुळे नाही."

एवढं मी आयुष्यात कुणासमोर बोललो नव्हतो. मी लोहारांच्या ओट्याला धरलं.

एक-दोघं निघून गेले. एकानं जाता जाता काहीतरी वाईट शब्द वापरला, तो मी ऐकला. पण एका बाईनं विचारलं की मग घरात भरलेलं आहे त्याचं काय करायचं. मी सांगितलं की पिऊ नका, उकळल्याशिवाय पिऊ नका. उद्या मोटर लावू नका. लावायचीच असेल तर सातनंतर लावा, आणि पहिल्या तीन बादल्या जाऊ द्या. ती म्हणाली, नक्की का? मी नक्की म्हटलं. ती आत गेली आणि मला तिच्या पातेल्यांचा आवाज ऐकू आला.

अक्काताई अजून उभ्याच होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. मोठी सून त्यांच्या मागं दारात येऊन उभी राहिली. तिला पाचवा महिना असावा. अक्काताईंनी मागं वळून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आत गेल्या. स्वयंपाकघर समोरच होतं. त्यांनी हंडा उचलून मोठ्या पातेल्यात रिता केला, गॅस पेटवला. तिथूनच मला विचारलं, "उकळी आल्यावर किती वेळ ठेवायचं?"

मला माहीत नव्हतं. मंदा ते रोज कुणाला ना कुणाला सांगायची, दारात उभी राहून, फोनवर, माझ्या पानात भाकरी वाढताना. मी कितीदा ऐकलं असेल. मी आठवायचा प्रयत्न केला आणि तिचा हात आठवला, तोंड आठवलं, आकडा आठवला नाही.

"चांगलं खळखळू द्या," मी म्हटलं. "दहा मिनिटं. मग झाकून ठेवा. मी विचारून पुन्हा सांगतो."

अक्काताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मी पुढच्या दाराची कडी वाजवली.